जर्मनीतलं ओ-पेअरचं वर्ष फुकट नसतं

नेकारकाठ
परवा या फोरमवर एक धागा आला. बारावीनंतर एक वर्ष ब्रेक घ्या, जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा द्या, ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला जर्मनीला जा, राहणं-खाणं फुकट, वर हातात महिना २८० युरो आणि ‘हक्काचं दुसरं घर’. खाली मुली धडाधड ‘प्रोसेस सांगा ना’ विचारतायत. मला राहवलं नाही.

फुकट काहीही नाही. आठवड्याला तीस तास पोरं सांभाळायची, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आसपास तास. भागाकार करा, ताशी सव्वादोन युरो पडतात. तिथलं किमान वेतन २०२५ मध्ये १२.८२ युरो होतं. ते ओ-पेअरला लागू नाही, कारण कागदोपत्री ती नोकरीवर नसते, ‘घरातली’ असते.

मी २०१६ ला गेले, तेव्हा २६० मिळायचे. स्टुटगार्टजवळचं गाव, दोन मुलं, धाकटा दीड वर्षाचा. माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगते. आवाज चढवून कुणी बोललं नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात बाळाचा बेबीफोन, म्हणजे बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारं यंत्र, माझ्या उशाशी आला. पांढरा, मुठीएवढा, बाळ कुशीवर वळलं तरी हिरवा दिवा लुकलुकायचा. ‘फक्त आजच्या दिवस, आम्ही फार दमलोय.’ तो मार्चपर्यंत तिथेच राहिला. नियम दिवसाला सहा तासांचा आहे, पण रात्रीचे तास कोण धरतं? मीही धरले नाहीत. घरातली माणसं तास मोजत नाहीत असंच मला वाटायचं. ‘घरातली’ या शब्दातच पोरी अडकतात.

गच्चीवरची
ताई, तुमच्या वाट्याला आलेलं घर म्हणजे अख्खा जर्मनी नव्हे. मी २०२२-२३ ला लाइपझिगला होते. बाबा रिक्षा चालवतात, आई चार घरी पोळ्या करायची. शिकायला म्हणून जायचं तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाची रक्कम दाखवावी लागते, २०२५ मध्ये ती ११,९०४ युरो होती. आम्ही कुठून आणणार होतो? ज्यांच्या आईवडिलांकडे एफडी असतात त्यांनी ताशी हिशोब करावा. मला खोली, जेवण, विमा मिळाला, शिवाय भाषेच्या क्लासचे वेगळे पैसे मिळाले. हे सगळं धरून भागाकार करून बघा.

आणि भाषा. चार वर्षांचा पोरगा माझं डेअर-डी-दास, म्हणजे नामांची लिंगं सुधारायचा. मी ‘डी मेसर’ म्हटलं की हातातली सुरी खाली ठेवून, कपाळाला हात लावून, ‘दास मेसर!’ पुण्यात दोन वर्षं क्लास करून जे बसलं नव्हतं ते त्यानं चार महिन्यांत बसवलं. आज मी नर्सिंगच्या आउसबिल्डुंगच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक प्रशिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ते वर्ष नसतं तर मी इथे नसते.

स्पष्टवक्ता
मला यातलं मूळच पटत नाही. आपल्या शिकल्यासवरल्या मुली, घरी स्वतःचं ताट उचलत नाहीत, आणि तिकडे परक्यांच्या पोरांचे डायपर बदलायला, भांडी घासायला पाठवायच्या? याला गॅप इयर म्हणतात? मोलकरीणच झाली की.

गच्चीवरची
मोलकरीण हा शब्द शिवीसारखा वापरू नका. माझ्या आईचं काम आहे ते.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. आईच्या चार घरांपैकी तीन घरांत तिचा कप वेगळा असायचा. खिडकीत, तुळशीच्या कुंडीशेजारी पालथा घातलेला, कान तुटलेला. लाइपझिगला पहिल्या सकाळी मी विचारलं, माझा कप कुठला? त्या बाईला प्रश्नच कळला नाही. कपाट उघडून म्हणाली, कुठलाही घे. मी त्या कपाटासमोर उभी राहून रडले. तुमच्या ताशी सव्वादोन युरोमध्ये हे कुठे बसवायचं?

चौथा_मजला
हे जरा अति होतंय. आमच्याकडे मावशींचा कप वेगळा आहे तसा आमचाही प्रत्येकाचा वेगळा आहे. त्यात स्वच्छतेपलीकडे काही नाही. बारा वर्षं आहेत त्या आमच्याकडे, अगदी घरच्यासारख्या.

नेकारकाठ
बघा, ‘घरच्यासारख्या’! मी हेच सांगतेय. या घरच्यासारख्या मावशींना आठवड्याची सुट्टी आहे का?

चौथा_मजला
मागतात तेव्हा देतो. खाडे तर असतातच. आणि दिवाळीला महिन्याचा पगार बोनस देतो, साडी वेगळी. तुमच्या जर्मनांनी काय दिलं?

नेकारकाठ
आठवड्याला दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, वर्षाला चार आठवडे भरपगारी रजा. लेखी. माझ्या घरी हे पूर्ण पाळलं गेलं नाही, पण बोट ठेवायला कागद तरी होता. मागितल्यावर मिळते ती मेहेरबानी झाली, सुट्टी नव्हे. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झालाय. मावशींची नोंदणी झालीय का, बारा वर्षांत कधी विचारलंत?

चौथा_मजला
तुम्ही माझ्या घराची चौकशी करायला बसला आहात का? आम्ही त्यांच्या मुलाची फी भरली आहे. परदेशात एक वर्ष काढून आलेल्यांनी आम्हाला माणुसकी शिकवू नये.

गच्चीवरची
फी भरलीत, खरंच चांगलं केलंत. माझीही एकांनी भरली होती, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण कप त्यांच्याकडेही वेगळाच होता.

सातारचा_बाप
नमस्कार. सगळ्यांचं वाचतोय. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, ए-वन झालंय, कासेलजवळचं एक कुटुंब ठरत आलंय. तीन मुलं आहेत. हिची आई रोज रडते. आम्ही शाकाहारी. संध्याकाळी ते लोक थंड ब्रेड खातात म्हणे? भांडण बाजूला ठेवून कुणी सांगाल का, पाठवू की नको?

गच्चीवरची
काका, पाठवा. संध्याकाळी लाकडी फळीवर काळा ब्रेड, चीज, काकडीचं लोणचं, बस्स. पहिला महिना पोट भरलंच नाही असं वाटतं. तिला मसाल्याचा डबा द्या आणि फोडणी देताना खिडकी उघडायला सांगा. माझ्या घरची आजी नंतर दर शुक्रवारी वरणभात मागायची.

नेकारकाठ
काका, मी पाठवू नका म्हणत नाही. तीन मुलं म्हटल्यावर मात्र काळजी वाटते. आधीच्या ओ-पेअरचा नंबर मागा आणि तिच्याशी मुलीला एकटीला बोलू द्या. द्यायला काचकूच केली तर ते घर सोडा. एजन्सीच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, तिथे २००२ पासून त्यांना परवानाही लागत नाही. करारात तीस तास, दीड दिवस सुट्टी, स्वतंत्र खोली आणि क्लासचे महिना किमान ७० युरो आहेत का बघा. पटलं नाही तर कुटुंब बदलता येतं, हे तिला निघण्याआधी दहा वेळा सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं. ओ-पेअर म्हणून पुन्हा जाता येत नाही, एकदाच संधी असते.

आणि गच्चीवरची, तुझा भाषेचा मुद्दा मान्य. माझंही जर्मन त्याच घरात सुधारलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, बेबीफोनबद्दल नाही.

स्पष्टवक्ता
मोलकरीण हा शब्द मागे घेतो. तो तसा वापरायला नको होता. माझं मत बदललेलं नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीवर तीन मुलांची जबाबदारी टाकणं मला आजही चूक वाटतं, मग ते सातारा असो की कासेल.

चौथा_मजला
नोंदणीचं मावशींना आज विचारलं. झालेली नाही. कागद काय लागतात ते कुणाला माहीत असेल तर इथे लिहा. बाकीच्या गोष्टींवर मला बोलायचं नाही.

गच्चीवरची
आईची मीच केली होती. व्यक्तिगत निरोप पाठवते.

सातारचा_बाप
शनिवारी त्या कुटुंबाशी व्हिडिओ कॉल आहे. आधीच्या मुलीचा नंबर मागायला सांगितलंय. लेकीनं वहीत प्रश्न लिहून काढलेत. पहिला आहे, रात्री बेबीफोन कुणाच्या खोलीत असतो?