अँजिओग्राफीच्या टेबलावर ‘स्टेंट टाकू का?’ असं विचारणं बंद झालं पाहिजे

तापीकाठ (चोपडा)

आमचे आबा 63 वर्षांचे. केळीवाला माणूस, अजून रोज शेतात जातात. वर्षभरापासून बांध चढताना, भरभर चालताना छाती भरून येते. थांबलं की दोन-तीन मिनिटांत उतरते. बसल्या जागी किंवा झोपेत कधीच नाही. विचारलं की ‘माले काय व्हयेल शे?’ म्हणत पुढे निघतात.

दिवाळीनंतर तालुक्याला शिबिर होतं. तिथे ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि आठ दिवसांत अँजिओग्राफी झाली. आबा आत टेबलावर होते आणि बाहेर आम्हाला निरोप आला: उजव्या रक्तवाहिनीत 80 टक्के ब्लॉक आहे, आत्ताच स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) टाकून घेऊ, सरकारी योजनेत बसतं, दहा मिनिटांत सांगा. आई रडायला लागली. मी नाही म्हणालो. घरातले अजून मला त्यावरून बोलतात.

त्यानंतर महिनाभर मी मिळेल ते वाचलं. हा प्रश्न मोठमोठ्या अभ्यासांनी तपासलेला आहे. 2007 चा ‘करेज’: 2287 स्थिर रुग्ण (म्हणजे आबांसारखे, दुखणं अचानक न वाढलेले), अर्ध्यांना औषधं आणि स्टेंट, अर्ध्यांना नुसती औषधं. साडेचार वर्षांनी मृत्यू आणि झटके दोन्हीकडे जवळजवळ सारखे, 19 आणि साडेअठरा टक्के. मग 2020 चा ‘इस्केमिया’: 37 देश, 5179 रुग्ण, सगळ्यांच्या हृदयाला रक्त कमी पडतं असा मध्यम ते गंभीर दोष तपासणीत निघालेला. निम्म्यांची अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, बाकीच्यांना आधी औषधं आणि दुखणं आवरेना तरच पुढचं. मृत्यू किती? एका गटात 145, दुसऱ्यात 144.

हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. दहा मिनिटांत सांगा म्हणणाऱ्यांनी ही एक ओळ आम्हाला का सांगितली नाही?

झटका आलेला माणूस वेगळा, तिथे मिनिटं मोजायची असतात. पण आबांसारख्या स्थिर माणसाची अँजिओग्राफी झाली की त्याला बाहेर आणा, सीडी हातात द्या, दोन्ही रस्ते सांगा आणि घरी जाऊन ठरवू द्या. टेबलावरच्या माणसाचे नातेवाईक मोकळ्या मनाने ‘नाही’ म्हणूच शकत नाहीत.

रेल्वे कॉलनी (भुसावळ)

भाऊ, तुमचं नशीब की आबा आहेत. माझ्या मेव्हण्यांना असंच ‘बघू, गोळ्या घेऊन बघू’ म्हणून आम्ही घरी आणलं. तीन महिन्यांनी रावेरहून येताना गाडीतच गेले. 48 वय. दोन मुली.

145 आणि 144 मला सांगू नका. आमच्या घरात आकडा एक आहे. 2017 ला सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली. जो लाखाच्या पुढे लावायचे तो 29,600 च्या आत आला. गरिबाला आत्ता कुठे हे परवडायला लागलंय, तर तुम्ही ‘टाकू नका’ म्हणून लिहिताय. वाचणारा एक जरी थांबला आणि गेला, तर?

तापीकाठ

दादा, वाचून वाईट वाटलं. शेवटच्या दिवसांत मेव्हण्यांचं दुखणं वाढत चाललं होतं का? कमी चालण्यावर येऊ लागलं, बसल्याबसल्या येऊ लागलं, असं? तसं असेल तर ते स्थिर राहिलेलं नसतं. त्या माणसाने त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

आणि मला जे उशिरा कळलं ते सांगतो. झटका नेहमी सर्वांत मोठ्या ब्लॉकमुळेच येतो असं नाही. अर्ध्याहून कमी अडथळा असलेल्या जागीसुद्धा आतला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि नळी बंद होते. स्टेंट एक जागा उघडी करतो. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सगळ्या नळ्यांतल्या थरांवर काम करते. म्हणून गोळीला ‘नुसती गोळी’ म्हणू नये.

रेल्वे कॉलनी

हो, पंधरा दिवस आधीपासून जिना चढायला नको म्हणत होते. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की याचा अर्थ काय.

एमडी मेडिसिन (धुळे)

मी फिजिशियन आहे, स्टेंट टाकत नाही, त्यामुळे माझा त्यात फायदा-तोटा नाही. धागाकर्त्याचे आकडे बरोबर आहेत. शीर्षक मात्र मला धोकादायक वाटतं.

एक तर ‘इस्केमिया’त कोण नव्हतं ते बघा. नुकताच झटका आलेला नव्हता. हृदयाची ताकद फार कमी झालेला नव्हता. औषध घेऊनही दुखणं असह्य असलेला नव्हता. डावीकडची मुख्य रक्तवाहिनी अरुंद असलेले रुग्ण वगळण्यासाठी बहुतेकांचं आधी सीटी अँजिओ केलेलं होतं. आपल्याकडे शिबिरातून थेट कॅथलॅबमध्ये आलेल्या माणसाची यातली किती माहिती हातात असते? आणि औषधांच्या गटातल्याही साधारण पाचव्या हिश्श्याला चार वर्षांत स्टेंट किंवा बायपास लागलाच. म्हणजे ‘औषधांनी भागतं’ याचा खरा अर्थ ‘औषधांनी सुरुवात केली तर जीव गमवावा लागत नाही’ इतकाच.

दुसरं, टेबलावर विचारण्यामागे दर वेळी लोभ नसतो. धडगावहून घाट उतरून आलेल्या माणसाला पुन्हा बोलवायचं म्हणजे पुन्हा गाडीभाडं, दोन माणसांची मजुरी, पुन्हा सुई, पुन्हा नळ्या दिसण्यासाठी सोडायचा तो डाय आणि त्याचा मूत्रपिंडावर भार. बरेच जण परत येतच नाहीत. मी स्वतः पाहिलंय. तुमच्याकडे वाचायला महिना होता, त्यांच्याकडे नसतो.

आणि माझी खरी भीती वेगळीच. उद्या एखाद्याला घाम फुटून छातीत कळ येईल आणि तो म्हणेल, ‘गोळ्यांनी भागतं, वाचलंय मी.’ झटक्याचं शास्त्र पूर्ण उलटं आहे. 1988 च्या ‘आयसिस-2’ मध्ये 17,187 रुग्णांवर ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) तपासलं. दोन्ही मिळून पाच आठवड्यांतले मृत्यू साधारण 40 टक्क्यांनी घटले. ॲस्पिरिन तर गावातल्या मेडिकलवर मिळते. तरी भारतातल्या 20,468 रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदणीत (2008) निम्म्या रुग्णांना दवाखान्यात पोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागल्याचं निघालं. खानदेशात आधी सोडा, मग लिंबू, मग ओवा, मग ‘सकाळी बघू’. आपण भांडायचं असेल तर या सहा तासांवर भांडलं पाहिजे.

शेवंती (पाचोरा)

डॉक्टर, सहा तासांचं बोललात म्हणून लिहिते. माझी आई दीड तासात दवाखान्यात पोचली होती. पाठीत आणि जबड्यात दुखत होतं, मळमळ होती. एक ईसीजी काढला, नॉर्मल आला, पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे नेलं, तिथे ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) केलं आणि ते वाढलेलं निघालं. आई आहे, पण हृदय अशक्त झालंय.

म्हणून मला या धाग्यातला ‘स्थिर’ हा शब्दच टोचतो. स्थिर आहे हे ठरवलं कुणी? एका ईसीजीने? बाईच्या छातीत हात ठेवून दाखवण्यासारखं दुखलं नाही की तिला पित्त ठरवतात. आधी निदान नीट होऊ द्या, मग गोळी की स्टेंट यावर वाद घाला.

एमडी मेडिसिन

ताई, पूर्ण बरोबर. एक नॉर्मल ईसीजी म्हणजे झटका नाही असं होत नाही. दुखणं सुरू असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायचा, ट्रोपोनिन काही तासांनी परत करायचं. हे तालुक्याच्या ठिकाणीही जमण्यासारखं आहे.

अमळनेरकर गुरुजी

मी निवृत्त शिक्षक. मला मुळातच हे परदेशी प्रयोग आपल्याला लावणं पटत नाही. त्यांचं खाणं वेगळं, अंगकाठी वेगळी. आपल्याकडे शेवभाजी, वर तेलाचा तवंग, आणि 45 अंशांच्या उन्हात काम. शिवाय असे प्रयोग औषध कंपन्यांच्या पैशावर होतात, त्यांना गोळ्याच खपवायच्या असणार.

तापीकाठ

गुरुजी, ‘इस्केमिया’चा मुख्य पैसा अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेचा होता. आणि त्या 37 देशांत भारत होता, आपल्या केंद्रांतले रुग्ण त्यात आहेत. मात्र तुमच्या म्हणण्यातला एक भाग मी मानतो. ‘इंटरहार्ट’ या 52 देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी आला, इतरांना 59 च्या आसपास. आपल्याकडे रोग लवकर येतो. पण कारणं तीच निघाली: तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर, सुटलेलं पोट.

अमळनेरकर गुरुजी

53 व्या वर्षी येतो, आणि त्या ‘इस्केमिया’तले बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे. मग तो निकाल माझ्या 45 वर्षांच्या विद्यार्थ्याला कसा लावायचा? याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. पैशाबद्दलचं माझं विधान मागे घेतो.

सिस्टर (तळोदा)

मी गेली बरीच वर्षं या भागात काम करते. मला तापीकाठ दादांचं म्हणणं कागदावर पटतं, पाड्यावर पटत नाही.

अभ्यासातल्या रुग्णाला ठरलेल्या तारखेला बोलावणारं कुणीतरी होतं. त्याचं कोलेस्टेरॉल, बीपी मोजत होते, आकडा खाली आला नाही तर डोस बदलत होते. माझ्याकडचा माणूस दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो तो होळीला परत येतो. सोबत पंधरा दिवसांच्या गोळ्या. दुखायचं थांबलं की ‘गोळीची सवय लागते’ म्हणून बंद. स्टॅटिन घेतल्याने त्याला काही जाणवतच नाही, मग तो का घेईल? योजनेत स्टेंट बसतो. वर्षानुवर्षांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर घरच्या पैशाने. अशा माणसाला ‘औषधांनी भागेल’ म्हणणं म्हणजे त्याला काहीच न देणं. त्यापेक्षा एकदाचा स्टेंट टाकलेला बरा, असं मला वाटतं.

मेडिकलवाला (शिरपूर)

सिस्टर, तुमचा अनुभव खरा आहे, निष्कर्ष मात्र उलटा. माझ्या काउंटरवर रोज हेच दिसतं. स्टेंट टाकलेला माणूस दोन महिन्यांनी म्हणतो, ‘आता मशीन बसवलंय, गोळ्या कमी करा.’ आणि नेमकी रक्त पातळ करणारी दुसरी गोळी सोडतो, कारण तिचं पाकीट महाग वाटतं. ती ठरल्या मुदतीआधी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन नळी एका झटक्यात बंद होऊ शकते. ब्लॉक असूनही बिनस्टेंटचा माणूस गोळी चुकवतो तेव्हा धोका हळूहळू वाढतो. नवा स्टेंट असलेला चुकवतो तेव्हा धोका त्याच आठवड्यात असतो. जो गोळ्या घेणारच नाही, त्याला स्टेंट देणं जास्त भीतीचं आहे.

सिस्टर (तळोदा)

हे मी या बाजूने पाहिलं नव्हतं. पण मग त्या माणसासाठी दोन्ही दारं बंदच ना? ‘क्रिएट’चा अभ्यास डॉक्टरांनी वर दिलाय, त्यातच आहे: गरिबांत तीस दिवसांतले मृत्यू 8.2 टक्के, श्रीमंतांत 5.5. आणि उपचारातला फरक हिशोबात धरला की ही दरी नाहीशी होत होती. गरीब म्हणून नाही मेले, उपचार मिळाला नाही म्हणून मेले. तालुक्याच्या दवाखान्यात स्टॅटिन आणि ॲस्पिरिन तीन-तीन महिन्यांची एकदम द्या, मग मी तुमच्या बाजूने सही करते.

शहादेकर

माझं वेगळंच. मला दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकला. आधी गोठ्यापर्यंत जाताना थांबावं लागायचं, आता डोक्यावर चाऱ्याची पेंढी घेऊन येतो. आयुष्य वाढलं की नाही ते देव जाणे, पण रोजचा दिवस सुधारला. याची किंमत तुमच्या 145–144 मध्ये कुठे दिसते?

एमडी मेडिसिन

त्याचाही अभ्यास झालाय. 2017 च्या ‘ऑर्बिटा’त 200 रुग्ण होते. सगळ्यांना गुंगी देऊन टेबलावर घेतलं, पण अर्ध्यांनाच स्टेंट टाकला आणि कुणाला टाकला ते रुग्णाला कळू दिलं नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर किती वेळ चालता येतं यातला फरक इतका कमी निघाला की तो ठामपणे फरक म्हणता येईना. पण ते रुग्ण भरपूर औषधांवर होते. 2023 च्या ‘ऑर्बिटा-2’ मध्ये 301 रुग्णांची दुखण्याची औषधं थांबवून तोच प्रयोग केला, तेव्हा स्टेंटवाल्यांचं दुखणं खरोखर कमी झालं. तेव्हा शहादेकर, तुमचा अनुभव मनाचा खेळ आहे असं कुणी म्हणू नये.

तापीकाठ

शहादेकर, हे मी माझ्या लिहिण्यात सोडलंच होतं. माझं सगळं लक्ष मरण्याकडे होतं, आबांच्या बांध चढण्याकडे नव्हतं.

काल त्यांना सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. डावी मुख्य नळी स्वच्छ आहे, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ताकद चांगली आहे, साखर नाही. त्यांनी दोन्ही रस्ते आबांना समजावले, मला नाही, आबांना. अर्धा तास दिला. आबा म्हणाले, आधी तीन महिने गोळ्या, तेवढ्यात केळीचे घड कापून होतील, आणि तरी चढ चढवेना तर स्टेंट. तंबाखू कालपासून बंद आहे. घरापासून नाल्यापर्यंत न थांबता जाता येतं का, ते मी रोज वहीत लिहिणार आहे.

टेबलावर विचारू नये, हे माझं मत तसंच आहे. धडगावच्या माणसासाठी मात्र अँजिओग्राफीच्या आधी, शुद्धीत, खुर्चीवर बसवून दोन्ही शक्यता बोलून घ्याव्यात, म्हणजे त्याला दोनदा यायला नको. डॉक्टर, हे चालेल?

एमडी मेडिसिन

चालेल. तसंच व्हायला हवं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी आबांच्या खिशात कायम असू द्या, घेताना खाली बसायला सांगा. पाच मिनिटांत उतरलं नाही तर 108. शेजारच्या जीपची वाट बघू नका.

रेल्वे कॉलनी (भुसावळ)

मला अजून पटलेलं नाही. मी असतो तर त्याच दिवशी टाकून घेतला असता. पण ठरवलंच आहे तर एक ऐका, हे तीन महिने आबांना शेतात एकटं पाठवू नका.