घाटमाथ्यावरच्या घरासाठी वर्षभराचे जळण : किती, कोणते आणि कसे साठवावे?

कडवीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नोकरीची तीस वर्षे कोल्हापूर शहरात काढल्यानंतर गेल्या वर्षी मी आईला घेऊन शाहूवाडी तालुक्यातील, आंबा गावाच्या अलीकडच्या आमच्या जुन्या घरी राहायला आलो. घर जांभ्याचे आणि कौलारू आहे. स्वयंपाकाला गॅस आहे. परंतु पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते, म्हणून न्हाणीतला तांब्याचा बंब आतून कल्हई करून पुन्हा वापरात आणला. आईचे वय ७८ आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल असते, अंथरूण-पांघरूणही गारठून जाते आणि तिचे गुडघे आखडतात. त्यामुळे जळण हा आमच्या घरी अगदी गरजेचा विषय होऊन बसला आहे.

मागच्या वर्षी मृग लागण्याच्या आठवडाभर आधी मी एका वखारीतून ट्रॉलीभर जळण विकत घेतले. वखारवाल्याने ते खडखडीत वाळलेले असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते. प्रत्यक्षात चुलीत घातले की ओंडक्याच्या दुसऱ्या टोकातून फेस यायचा, पाणी ठिबकायचे आणि ज्वाळेऐवजी सोपाभर धूर व्हायचा. आईचा खोकला श्रावण संपेपर्यंत गेला नाही. यंदा विकत घ्यायचे नाही, असे ठरवले आहे. आमची दीड एकर जमीन असून बांधावर निलगिरीची पंधरा-वीस झाडे, चार ऐन, काही काजू, दोन बिब्बे आणि विहिरीजवळ एक उंबर आहे.

वर्षाला साधारण किती जळण लागेल, यांपैकी कोणती झाडे तोडावीत, आणि आईच्या खोलीत ऊब राहावी यासाठी काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. रात्री तिच्या खाटेजवळ कोळशाची शेगडी ठेवावी, असा एका शेजाऱ्यांचा सल्ला आहे.

घनसाळ

मी आजरा तालुक्यातला आहे. आमच्याकडेही पाऊस कमी नाही आणि तीन पिढ्या आमचा बंब बांधावरच्या जळणावर चालला आहे. तुमचा धूर हा झाडाच्या जातीमुळे झालेला नसून पाण्यामुळे झालेला आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड पेटवले की आगीची बरीचशी शक्ती ते पाणी उकळून त्याची वाफ करण्यातच खर्च होते, ज्वाला थंड पडते आणि अर्धवट जळलेला वायू धूर होऊन घरात पसरतो. चांगल्या वाळलेल्या लाकडातही २० टक्क्यांच्या आसपास ओल राहते, पण तेवढी चालते. एक किलो वाळक्या जळणातून साधारण १५ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर निम्मे पाणी असलेल्या एक किलो ओल्या जळणातून जेमतेम ८. म्हणजे तुम्ही वखारीत लाकडाच्या भावाने पाणी विकत घेतलेत.

किती लागेल, याचा हिशेब बंबापासून करावा. चार माणसांना मिळून ८० लिटर कोमट पाणी लागते असे धरले आणि ते २२ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचे म्हटले, तर सुमारे ७.७ मेगाज्यूल उष्णता पाण्यात जायला हवी. बंबात आगीची नळी पाण्याच्या मधून वर जाते, त्यामुळे तीन दगडांच्या चुलीपेक्षा तो काटकसरी असतो. तरीही पाण्याला आगीतला पाव हिस्साच मिळतो असे मी धरतो. त्या मानाने दिवसाला दोन किलो, म्हणजे वर्षाला साडेसातशे किलोच्या आसपास वाळके जळण लागेल. तुम्ही दोघेच असाल तर निम्म्यात भागेल. मात्र आईसाठी पावसाळ्यात खोलीत आग ठेवणार असाल, तर त्याचे वेगळे धरा आणि एकूण दीड टनाची बेगमी करा. ही वाळलेल्या जळणाची वजने आहेत, ओल्याची नव्हेत.

आता झाडांविषयी. निलगिरी उत्तम जळते, पण ती तोडल्या तोडल्या फोडावी लागते. ओली असताना कुऱ्हाडीच्या दोन घावांत उभी चिरते. वाळल्यावर तिचे रेषे पिळवटलेले असल्यामुळे पाचर आणि घण घेऊनही घाम निघतो. मी एकदा आळस करून अख्खे ओंडके चैत्रापर्यंत पडवीत टाकून ठेवले होते आणि त्यांत माझी एक पाचर अडकली, ती आजतागायत तेथेच आहे. बुंधा जमिनीलगत न तोडता वीतभर वर तोडला तर त्याला फुटवे येतात, त्यांतले दोन-तीन जोमदार राखून बाकीचे काढून टाकावेत, म्हणजे काही वर्षांनी तेच झाड पुन्हा तोडणीला येते. सगळी झाडे एकाच वर्षी तोडू नका. दरवर्षी तीन-चार घेतलीत तर बांध उघडा पडणार नाही. कुंपणाला गिरिपुष्प लावून ठेवा, त्याचा पाला शेताला खत होतो आणि फांद्या चुलीला. काजूचे लाकूड जळते, पण त्याच्या चिकाने हाताची साल निघते, म्हणून ते पूर्ण वाळल्यावरच हाताळावे आणि घरातल्या चुलीऐवजी बाहेरच्या पाणचुलीत घालावे.

तोडणी दिवाळीनंतर करावी, म्हणजे पुढचे सहा महिने उन्हाचे मिळतात. ढलप्या मनगटाएवढ्या जाडीच्या असाव्यात. रास घराच्या पूर्वेच्या अंगाला रचावी, कारण आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. खाली दगड मांडून त्यांवर आडवे वासे टाकावेत, जेणेकरून वाळवी चढणार नाही आणि खालून वारा खेळेल. वरून पत्रा किंवा उसाच्या पाल्याचे छप्पर असावे, पण बाजू उघड्या राहिल्या पाहिजेत. प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी गुंडाळून ठेवणे ही मी पाहिलेली सर्वांत मोठी चूक आहे. आतली वाफ बाहेर जात नाही आणि आषाढात कागद सोडला की लाकडावर पांढरी बुरशी दिसते.

वाळले की नाही हे ओळखण्याची माझी रीत अशी आहे : राशीतल्या एका ढलपीला गेरूची खूण करून ती पंधरा दिवसांनी काट्यावर ठेवायची. गेल्या हंगामात अशी एक निलगिरीची ढलपी कार्तिकात ३ किलो ४०० ग्रॅम होती, होळीला २ किलो ३००, आणि वैशाखात दोन वेळा सलग २ किलो १०० भरली. वजन उतरायचे थांबले की जळण तयार झाले. काटा नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्यात; वाळलेल्या टणक वाजतात, ओल्या मुक्या राहतात.

जाता जाता एक सांगतो : राशीतून जळण काढताना उघडा हात आत घालू नका, आधी काठीने हलवा. विंचू तर असतोच, पण आमच्या परड्यात एकदा ढलप्यांच्या मागे घोणस वेटोळे करून बसलेली होती आणि तिचा फुसकारा ऐकल्यावरच तिचा पत्ता लागला.

सुभेदार (निवृत्त)

कडवीकाठ, आपण आधी एक गोष्ट कराल अशी विनंती आहे. शेजाऱ्यांचा तो शेगडीचा सल्ला आजच मनातून काढून टाका. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात; परंतु त्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. वयस्कर आईच्या बंद खोलीत ती शेगडी रात्रभर ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

नोकरीत असताना काश्मीरमध्ये मी बुखारीवर अनेक हिवाळे काढले. बुखारी म्हणजे पत्र्याची बंद शेगडी असते आणि तिची नळी छतातून बाहेर जाते. तेथेही झोपण्यापूर्वी बुखारी विझवायची आणि झरोका उघडा ठेवायचा, हा हुकूम होता. तो कोणी मोडला तर सकाळी त्याची हजेरी वेगळी घेतली जाई. आपल्याकडे बुखारीची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या कौलारू घरात गरम हवा कौलांच्या फटींतून सरळ निघून जाते, त्यामुळे अख्खे घर तापवायला निघालात तर आपला बांध दोन वर्षांत संपेल आणि घर गारच राहील. आपल्याला घर तापवायचे नसून आईला ऊब द्यायची आहे.

त्यासाठी बंबाची न्हाणी आणि आईची खोली यांमधली भिंत एकच आहे का, ते पाहा. असेल तर त्या भिंतीला लागूनच पाणचूल बांधून घ्या. जांभ्याची जाड भिंत सकाळची आग पिऊन दुपारपर्यंत कोमट राहते आणि आईच्या खोलीत धुराचा किंवा निखाऱ्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या घरी आईची खाट आम्ही अशाच भिंतीला लावली होती. रात्रीसाठी बंबातल्या गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी द्यावी. अंथरुणे संध्याकाळी त्याच भिंतीला टेकवून ठेवली तर ओलही जाते.

चुलीला धुराडे करताना आगीच्या लगतची नळी जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याची नको, साध्या काळ्या लोखंडाची घ्या. ती वाशांपासून किमान दीड फूट दूर असावी आणि तिचे तोंड आढ्याच्या वर निघावे, नाहीतर वारा फिरला की धूर परत आत येतो. वर्षातून एकदा, पावसाआधी, आतली काजळी खरवडून काढावी. ओले जळण धुमसत ठेवले तर नळीत डांबरासारखा थर धरतो आणि तो पेटला की छतापर्यंत पोहोचतो.

रानवाट

वनखात्यात बरीच वर्षे काम केल्यामुळे थोडक्यात लिहितो. आपले ऐन आपल्याच बांधावर असले तरी ते विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या राज्याच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस, हिरडा, साग, खैर ही झाडे आहेत आणि त्यांच्यासाठी वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. झाड वठलेले असले तरी आधी अर्ज, मग कुऱ्हाड. निलगिरी त्या यादीत नाही. लाकूड गाडीतून दुसरीकडे न्यायचे असेल तर वाहतुकीचे नियम वेगळे असतात, ते कार्यालयात विचारून घ्यावेत.

जवळच राखीव जंगल आहे म्हणून तेथून वाळकी काटकी उचलावी, असे अनेकांना वाटते. पण १९२७ च्या वन अधिनियमानुसार राखीव जंगलातून परवानगीशिवाय वनोपज काढणे हा गुन्हाच आहे. देवराईबद्दल मी काही सांगायला नको. आपल्या भागात तेथली पडलेली फांदीसुद्धा कोणी घरी आणत नाही. आणि भल्या पहाटे रानाच्या कडेला मोळी बांधायला एकट्याने जाऊ नका. गवा दुरून शांत दिसतो, पण अचानक समोरासमोर आला तर पळायला वेळ मिळत नाही.

कडवीकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शेगडीचा बेत रद्द केला आहे. न्हाणी आणि आईची खोली यांची भिंत एकच निघाली, त्यामुळे पुढच्या आठवड्यात गवंडी येऊन पाणचुलीची जागा पाहणार आहेत. यंदा दिवाळीनंतर निलगिरीची चारच झाडे तोडणार आहे आणि ऐनांना हात लावणार नाही. उंबराचे आईने विचारण्याआधीच सांगून टाकले. नृसिंहवाडीला जाणाऱ्या घरात उंबर चुलीत जात नाही. एकच शंका उरली आहे. मागच्या वर्षीच्या वादळात एका बिब्ब्याची मोठी फांदी मोडून पडली होती आणि मी ती तोडून राशीत सरमिसळ करून ठेवली आहे. आता ती पूर्ण वाळली असेल, तर बंबात घालायला हरकत नाही ना?

घनसाळ

हरकत आहे. बिब्बा वाळला तरी त्याचा गुण जात नाही. त्याचा धूर अंगावर आला की काही जणांचे तोंड आणि हात सुजतात, पाण्याचे फोड येतात. आमच्या गड्याला असा त्रास झाला तेव्हा त्याचे डोळे दोन दिवस उघडत नव्हते. कण्हेरीच्या फांद्याही याच कारणाने कधी चुलीत घालू नयेत, तिचा धूर विषारी असतो. हातात जाड मोजे घालून, अंगभर कपडे घालून, बिब्ब्याच्या ढलप्या राशीतून एकेक करून वेगळ्या काढा. साल काळपट आणि चिरेवर वाळलेल्या चिकाचे काळे डाग असतील ती ढलपी बिब्ब्याची समजावी. ओळख पटत नसेल ती ढलपीही त्यांच्याबरोबरच बांधाच्या टोकाला कुजायला टाका. मोजे आणि कपडे धुताना आईच्या कपड्यांत मिसळू नका.