प्रतिसाद: बीबीसीचा एक दिवस, टोल्यांवरून वय

'बीबीसीचा एक दिवस' या लेखात एक ध्वनिफीत बीबीसीच्या होम सर्व्हिसची (त्या काळची देशांतर्गत रेडिओसेवा) आणि १९५० च्या आसपासची म्हणून दिली आहे, हे काही पटत नाही. बातम्यांआधीच्या ग्रीनिच टोल्यांत (अचूक वेळ कळावी म्हणून रेडिओवर वाजणारे सहा 'पिप' आवाज) शेवटचा चांगलाच लांब ऐकू येतो. १९२४ पासून १९७१ संपेपर्यंत सहाही टोले सारखे, प्रत्येकी एक दशांश सेकंदाचे असत. लीप सेकंदाला (घड्याळात अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) सातवा टोला येणार म्हणून शेवटचा ओळखू यावा, यासाठी तो अर्ध्या सेकंदाचा केला. म्हणजे एकतर फीतच नंतरची, नाहीतर टोले मागाहून चिकटवलेत (असले उद्योग बरेच चालतात).

टेपचा वेगही यावरून तपासता येतो. पहिल्या टोल्याच्या सुरुवातीपासून सहाव्याच्या सुरुवातीपर्यंत बरोबर ५ सेकंद हवेत. ४.९ भरले तर टेप दोन टक्के जलद फिरतेय, निवेदकाचा आवाजही तेवढ्याच वरच्या पट्टीत येणार.