एकाच लेखकाचे भक्त असलेल्या वाचनगटासाठी जुनी मासिकं सुचवा

पानगळ:
आमचा सहा जणांचा वाचनगट आहे. त्यातले चौघे एकाच रहस्यकथाकाराचे भक्त. (चाहते म्हटलं तर त्यांना कमी वाटतं.) मागच्या बैठकीत मी एवढंच म्हणाले की नवी कादंबरी मध्यात जरा रेंगाळते. एकीनं पुस्तक मिटलं, पिशवीत टाकलं आणि तासभर माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. आता असं काही घ्यायचंय की भक्तीही दुखावणार नाही आणि गाडी त्या एका नावापुढे सरकेल. मासिकातून क्रमशः आलेलं काही सुचवता का? इंग्रजी चालेल.

जुना अंक:
रहस्यकथावाले ना, मग 'स्ट्रँड' मासिक घ्या. होम्सच्या कथांचं पुस्तक नको, अंकच घ्या. स्कॅन केलेले खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ असे नऊ हप्ते 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही होम्सची कादंबरी चालली. पहिला हप्ता पावलांच्या ठशांवर तुटतो. तिथे पुस्तकात आपण नुसतं पान उलटतो, तेव्हाचा वाचक महिनाभर ताटकळत बसला होता.
अट एकच घाला. अंकातलं दुसरं काहीतरी वाचल्याशिवाय होम्सवर बोलायचं नाही. त्याच साली त्याच मासिकात एच. जी. वेल्सची चंद्रावरच्या सफरीची कादंबरी येत होती, म्हणजे शिक्षा काही फार मोठी नाही. मासिकाची खरी गंमत हीच. एका लेखकासाठी अंक उघडायचा आणि शेजारच्याच्या पानावर अडकायचं.

उगीचच:
नऊ महिने?? भक्त दुसऱ्याच दिवशी शेवट वाचून मोकळे होतील.

कंदील:
+१ जुना अंक. भक्तांना आधी डिसेंबर १८९३ ची गोष्ट सांगा. होम्सचा लेखक कॉनन डॉयलनं होम्सला धबधब्यात ढकललं आणि वाचक खवळले. एका बाईंच्या पत्राची सुरुवातच 'यू ब्रूट' अशी होती, हे त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. (लंडनमध्ये लोक दंडाला काळ्या फिती लावून फिरले, हे मात्र सगळे सांगतात, त्या काळातला पुरावा कुणी दाखवत नाही.) होम्स जिवंत परतला तो १९०३ मध्ये. 'हाउंड'ची कथा त्याच्या 'मृत्यू'च्या आधीची, म्हणजे डॉयलनं तेव्हाही हट्ट पुरता सोडला नव्हता. तुमच्या मैत्रिणीचा तासाभराचा अबोला यापुढे काहीच नाही.

शाईचा डाग:
माझं मत वेगळं. महिन्याचं अंतर आज कुणाला झेपत नाही, साप्ताहिक घ्या. डिकन्सचं 'ऑल द इयर राउंड' 'डिकन्स जर्नल्स ऑनलाइन'वर पूर्ण वाचता येतं. १८६० मध्ये त्यात चार्ल्स लीव्हरची कादंबरी चालू होती. ती वाचकांना रुचेना, खप घसरला, तेव्हा संपादक डिकन्स स्वतःच मैदानात उतरला. १ डिसेंबर १८६० पासून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' सुरू, ३ ऑगस्ट १८६१ ला संपली, ३६ हप्ते. लीव्हरची मार्चपर्यंत शेजारी रखडत होतीच. गटाला दोन्ही वाचायला लावा. लोक एकासाठी अंक का घेतात आणि दुसऱ्याची पानं का उलटतात, हे तिथल्या तिथे कळतं, आणि भक्तांना 'रेंगाळणं' म्हणजे काय तेही!
शिवाय मित्राच्या सांगण्यावरून डिकन्सनं शेवट बदलला होता. शेवटच्या बैठकीला दोन्ही शेवट न्या. भांडण हवंच असेल तर ते तरी चांगल्या कारणावर होईल.

उगीचच:
३६ आठवडे!! (हलके घ्या.)

पानगळ:
सगळ्यांचे आभार. डिकन्स पुढच्या वर्षी. भक्तांना रहस्यच हवं होतं, म्हणून 'स्ट्रँड' ठरलं. काल पहिली बैठक झाली. अबोलावाल्या मैत्रिणीनं पुढचा हप्ता वाचून टाकलाय हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं, पण बिचारीनं तोंड उघडलं नाही. वेल्सवर मात्र अर्धा तास बोलली. एका भक्तानं 'दुसरं काहीतरी' म्हणून फक्त चित्रांखालच्या ओळी वाचून आणल्या. ते धरायचं का?

जुना अंक:
पहिल्या महिन्यापुरतं धरा. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).