मदत हवी आहे: संत्र्याच्या सालींचं खत होत नाहीये

नमस्कार मंडळी. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात आमची २४ फ्लॅटची स्कीम आहे. ओला-सुका वेगळा करायला आता सगळे तयार झालेत. सुका कबाडी नेतो. निदान ओला तरी भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊ नये म्हणून पार्किंगच्या कोपऱ्यात विटांचे दोन हौद बांधले.

भाजीचे देठ, चहाचा चोथा छान मुरतो. अडतं ते संत्र्यांवर. मृगबहाराची (उन्हाळ्याच्या तोंडावर येणारी) संत्री आली की रोज बादलीभर साली निघतात. वरून हिरवी-पांढरी बुरशी, खाली साल चामड्यासारखी तशीच. आंबट ताक, शेणकाला, कडुलिंबाचा वाळला पाला, सगळं घालून झालं. गांडुळं सोडली, तर ती सालींपासून लांब दुसऱ्याच कोपऱ्यात गोळा झाली. त्यात एप्रिलच्या उन्हात हौद कोरडा पडतो. पाणी वाढवलं की चिलटं होतात, आणि तळमजल्यावरच्या काकूंची तक्रार रास्तच आहे.

बायोएन्झाइम, म्हणजे साली आंबवून सफाईचं द्रावण, तेही केलं (१ भाग गूळ, ३ साली, १० पाणी), पण त्याला तीन महिने लागतात आणि एवढ्या साली त्यात खपत नाहीत. मशीनचा खर्च झेपणार नाही. मोकळी जमीन नाही, गच्ची आहे.

ज्यांना नागपूरच्या उन्हाळ्यात हे जमलंय त्यांनी कृपया सांगा: साली गच्चीवर वाळवून, चुरून घालायच्या की वेगळ्या हौदात मुरवायच्या? आणि बाकी ओल्या कचऱ्यात त्यांचं प्रमाण किती ठेवता?