मदत हवी आहे: महाजन यादीवरून वंशावळ जुळवताना

गोव्यातल्या सारस्वत कुळाची वंशावळ लावायला घेतली आहे आणि हा शोध सोडवत नाही! 1914 पासूनच्या नागरी नोंदणीतून जन्म-लग्नाच्या नोंदी मिळतात, त्याआधीचं अडतं. देवस्थानची महाजन यादी (देवळाचे वंशपरंपरागत हक्कदार सभासद, म्हणजे महाजन, त्यांची नोंद) हा मोठा आधार, पण तिथे पुरुषच, मुली-सुना गळतात.

खरा घोळ नावांचा. पोर्तुगीज कारकुनाने शेणवीचं 'सिनाय' केलं, प्रभूचं 'पोरोब', कामतचं 'कामोतिम'. पुढे 'सिनाय' गळून गावावरचं आडनावच उरलं, त्यामुळे सख्ख्या भावांच्या शाखाही वेगळ्या दिसतात. म्हणून आडनावावर न जाता आधी कुलदेव, गोत्र, मूळ गाव पडताळतो. त्यातही देवाचं आजचं स्थान म्हणजे मूळ गाव नव्हे: मंगेश 1560 मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला आला, म्हणून मंगेशाच्या महाजनांची मुळं प्रियोळात शोधणं चूक.

जाणकारांना दोन प्रश्न. हस्तलिखित पोर्तुगीज नोंदीतली संक्षिप्त रूपं वाचायला कसं शिकावं? आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत (यजमान कुळांच्या पिढ्यांची नावं लिहिलेल्या वह्यांत) गोव्याची कुळं मूळ गावाखाली शोधायची की आडनावाखाली? तिथे सुनांची नावंही सापडतील, अशी फार आशा आहे.