लाँचनं निघावं की जीपनं?

घणसोलीची_सून
नमस्कार मंडळी. प्रश्न फुटकळ वाटेल, पण गेले आठ दिवस घरात यावरून धुसफूस चालू आहे, म्हणून इथे टाकते.

माझं सासर जावळी तालुक्यातलं. कोयना धरणाचं पाणी मागे पसरून जो शिवसागर झालाय, त्याच्या काठावर, बामणोलीच्या समोरच्या तीराला. जुनं गाव धरणात गेलं, आताची वाडी वर टेपावर आहे. दरवर्षी मे महिन्यात सासरे, त्यांचे तीन भाऊ आणि सगळ्यांची पोरंबाळं बारा-तेरा दिवस तिथे जमतात. गेल्या वर्षी २३ डोकी होती. करवंदं, फणस, दिवसभर पाण्यात डुंबणं, रात्री अंगणात ओळीनं अंथरुणं. तिथवर सगळं छान. पुढे पाऊस लागला की त्या बाजूला जाणं-येणं अवघड, म्हणून मे संपायच्या आत निघावंच लागतं.

तर निघण्याचा दिवस. मेमध्ये पाणी इतकं खाली जातं की लाँच गाठायला अर्धा तास उतरावं लागतं, भेगाळलेल्या गाळातून, डोक्यावर बोचकी घेऊन. आजी (माझ्या आजेसासूबाई, वय ८५च्या पुढे, नक्की कुणालाच माहीत नाही) आता खाली येऊ शकत नाहीत. घरापुढच्या आंब्याखाली बसतात. लाँच सुटली की पाण्यावर आडोसा कसला? डोंगराच्या सोंडेआड वळेपर्यंत वीसेक मिनिटं ते झाड दिसतच राहतं. गेल्या वर्षी माझा सात वर्षांचा मुलगा सगळा वेळ मागे तोंड करून विचारत होता, "आजी अजून बसलीये का?" आधी खरंच दिसत होत्या. मग पांढरा ठिपका. मग मीच खोटं सांगायला लागले. बामणोलीला उतरून एस्टी धरली, कासच्या वळणांवर त्यानं दोनदा उलटी केली आणि साताऱ्यापर्यंत कुणाशी बोलला नाही.

यंदा वाडीपर्यंत कच्चा रस्ता आलाय. जीप घराच्या मागच्या बाजूला लागते. नवऱ्याचं म्हणणं, पहाटे पोरं झोपेत असतानाच उचलून जीपमध्ये टाकू, दोन मिनिटांत वळणाआड. आजींच्या कानावर हे गेलं तर म्हणाल्या, "चोरावाणी म्हागल्या दारानं कशापायी जाताय? लाँचीनंच जावा."

मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. तुमच्याकडे काय करता?

पानशेतवाला
जीप. विषय संपला. निरोप जितका लांबवाल तितकी पोरं कावतात. आमच्याकडे आई उंबऱ्यात हातावर साखर ठेवते, "येतो" म्हणायचं आणि गाडीत बसायचं. मागे वळून बघायचं नाही.

घणसोलीची_सून
दादा, साखर ठेवणारी तुमची आई. तिला कधी विचारलंत का, तिला ते दोन मिनिटांचं चालतं का म्हणून? (भांडत नाहीये, खरंच विचारतेय.)

पानशेतवाला
नाही विचारलं. विचारतो.

माहेरची_वाट
लाँच-जीप काहीही करा, पण झोपेत उचलू नका, हात जोडते. मला पाच वर्षांची असताना आजोळहून असंच आणलं होतं. झोपले आजीच्या कुशीत, डोळे उघडले तर स्वारगेट. आता पन्नाशी आली, तरी प्रवासात मला डुलकी लागत नाही. नवरा हसतो, पण नाही लागत.

लेकाला दोन दिवस आधी सांगा, अमक्या दिवशी निघायचंय म्हणून. आणि दही आजींनी त्याच्या हातावर द्यायचं ते देऊ द्यातच, पण त्यालाही आजींच्या हातावर काहीतरी ठेवू द्या. जाणाराच नेहमी घेतो. राहणाऱ्या माणसाच्या हातावर कुणी काही ठेवत नाही.

पाण्याखालचा_पत्ता
मी उत्तर द्यायला लायक नाही, तरी लिहितो. आमचंही गाव कोयनेचंच. आमच्या घराण्याला रायगड जिल्ह्यात जमीन मिळाली, आजोबा तिकडे वसले. आमची चावडी, शेतं, मारुतीचं देऊळ सगळं त्या १०५ टीएमसीच्या पोटात. वडील तेव्हा लहान होते. ते सांगतात, निघताना आजोबांनी चौकटीची लाकडंसुद्धा उचकटून घेतली, देव टोपलीत घातले. आजीनं सवयीनं मागे वळून हात केला. पण हात करायचा कुणाला? सगळीच आळी निघालेली, मागे कुणी नव्हतंच.

म्हणून म्हटलं लायक नाही. आंब्याखाली कुणी बसलंय ही अडचण आमच्या वाट्याला आली नाही.

माथाडी_रिटायर
सूनबाई, मी तुमच्याच पट्ट्यातला. बामणोलीपासनं वर, तापोळ्याच्या अंगाला आमची वाडी. वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहिल्या, आता गावीच असतो. तुमची मंडळी "मुंबईकर" म्हणून येतात तशी आमची पोरं येतात.

लाँचनंच जा. आणि एक करा. आजींच्या हातात परात द्या. चांगली घासलेली, पितळी असंल तर उत्तम, स्टीलची पण चालंल. तुमचं गाव पश्चिमेच्या तीराला, म्हणजे सकाळी ऊन सरळ गावाच्या तोंडावर. परात उन्हाला धरून जरा हलवली की पाण्यावर लांबवर चमक मारते. माणूस दिसायचं बंद झालं तरी ती दिसते. आमची आई माझ्या बापाला अशीच परात दावायची, तो मुंबईला निघाला की. आम्ही पूर्वेच्या तीराला, त्यामुळं आमची दुपारची लाँच असायची.

एक ध्यानात ठेवा. सकाळी लाँचीतनं गावाकडं तोंड केलं की ऊन पाठीमागनं येतं, म्हणून पोराच्या हातातल्या आरशाचा काही उपयोग नाही, धरायचं ते आजींनीच. दुपारी निघालात तर उलटं, तेव्हा आरसा पोराकडं. आणि लाँच नेमकी कुठं लागणार ते आदल्या सांजेला विचारून ठेवा. पाणी रोज हटतंय, कालची जागा आज नसते.

घणसोलीची_सून
मामा, हे मला सुचलंच नसतं. पण आजींना लांबचं दिसत नाही. लाँच कुठवर गेली हे त्यांना कसं कळणार?

माथाडी_रिटायर
इंजिनाचा आवाज येतो की. म्हाताऱ्या माणसांना लाँच कानानं कळते.

पानशेतवाला
आईला विचारलं. म्हणाली, "तू मागं बघत नाहीस म्हणून बरंय, मी फाटकापाशी किती वेळ असते ते तुला कळत नाही." आता यावर काय बोलू. माझं जीपचं मत मागे घेतो.

घणसोलीची_सून
परत आलो, म्हणून लिहिते.

लाँचनंच निघालो. नवरा रुसला होता, पण सामान त्यानंच वाहिलं. सकाळी मुलानं आजींच्या हातावर दह्याचा गोळा ठेवला, निम्मा लुगड्यावर सांडला. आजी म्हणाल्या, "मला रं कुठं जायाचंय?" आणि चाटून खाल्लं.

परात पितळी निघाली, चुलतसासूबाईंच्या माळ्यावरची. चिंच लावून मुलानं स्वतः घासली. लाँच सुटली आणि आंब्याखालून लखकन चमकलं. लाँचमधली दुसऱ्या वाडीची माणसंही बघायला लागली, एकीनं विचारलं, "काय झालं, कुणाला बोलावत्यात?" मुलगा उभा राहून मोजत होता. ठिपका दिसेनासा झाला, चमक दिसत होती. सोंडेआड वळेपर्यंत त्याचे ४१ झाले. उलटी नाही झाली. रडला, पण कासच्या पुढे, आणि भूक लागली म्हणून.

वाडीत रेंज नाही, टेकडीवर चढावं लागतं. दोन दिवसांनी चुलतसासूबाईंचा फोन आला. लाँच वळली तरी इंजिनाचा आवाज खोऱ्यात बराच वेळ येत होता, म्हणून आजी परात हलवतच राहिल्या. आम्ही दिसेनासे होऊन किती वेळ झाला, कुणास ठाऊक. शेवटी काकींनी ती हातातून काढून घेतली, पीठ मळायचं होतं.

मुलगा विचारतोय, ते पुढचे किती झाले असतील.